नवे पुस्तक आधी कोणाच्या हाती?

(नंदुरबार जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



नव्या बालपुस्तकांचे एक फिरते प्रदर्शन तयार करावे आणि ते नंदुरबार जिल्ह्यातील गावोगावच्या ग्रंथालयांतून न्यावे, अशी कल्पना कार्यकर्त्यांपुढे आली आहे. तिला कोणाचाही विरोध होण्याचा संभव नाही. फीत कापायला पुढारी येतील, कोणी जीप देईल, कोणी कापडी फलक देईल. ज्या कल्पनेला कोणाचाच विरोध नसतो तिच्याकडे समाजवादी कार्यकर्त्याने अंमळ संशयाने पाहावे. विरोध नसण्याची दोनच कारणे संभवतात. एक तर ती खरोखर सर्वांच्या हिताची असते, किंवा तिच्यामुळे कोणाचेच काही बदलत नसते. प्रदर्शन या दुसऱ्या वर्गात जमा होऊ द्यावयाचे नसेल, तर ते कोणासाठी, कोणाच्या पैशाने आणि ते निघून गेल्यावर मागे काय ठेवून जाणार, याचा आधी विचार करावयास हवा.

या कल्पनेतील मोलाचा शब्द 'नव्या' हा आहे. आदिवासी मुलाच्या वाट्याला आजवर जे अवांतर पुस्तक आले, ते बहुधा कोणाचे तरी वाचून झालेले. मोठ्या शहरांत 'जुनी पुस्तके द्या' अशी आवाहने निघतात, खोकी भरतात आणि ती सातपुड्याच्या दिशेने रवाना होतात. त्या खोक्यांत मागच्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शके निघतात, पुठ्ठा सुटलेले कोश निघतात, कुटुंब वाढल्यावर घरात जागा उरली नाही म्हणून बाहेर पडलेले जाडजूड ग्रंथ निघतात. आठ वर्षांच्या मुलीला वाचता येईल असे पुस्तक निघालेच, तर तिच्या हाती येण्यापूर्वी त्यातली कोडी कोणीतरी शाईने सोडवून ठेवलेली असतात. देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दानाचे अर्थशास्त्र असे आहे की, त्यात निवड देणारा करतो. घेणाऱ्याची आवड, त्याची भाषा, त्याचे वय यांना त्यात स्थान नसते. नव्या पुस्तकांच्या प्रदर्शनात हा क्रम उलटा करता येतो. प्रथमच उघडल्या जाणाऱ्या पन्नास पुस्तकांसमोर मूल उभे राहते आणि हे हवे, ते नको, असे म्हणते. मागणी प्रकट करण्याचा हा हक्क बाजारात पैसेवाल्याला आपोआप मिळतो. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला तो सार्वजनिक संस्थेनेच मिळवून द्यावा लागतो. सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रयोजन तरी दुसरे कोणते?

आता या जिल्ह्याकडे पाहू. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांचा हा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख. तीत आदिवासींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक. साक्षरता ६४.४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. राज्याची सरासरी तेव्हा ८२.३ टक्के होती. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातील मागास जिल्ह्यांना 'आकांक्षित' असे गोड नाव दिले, त्या यादीतही नंदुरबार आले. नाव बदलल्याने अंतर कमी होत नाही. पण तो विषय वेगळा.

अशा जिल्ह्यात कुपोषण आहे, स्थलांतर आहे, सिकलसेलचा आजार आहे, विस्थापितांचे पुनर्वसन आहे. मग गोष्टींच्या पुस्तकांचा हा उद्योग कशाला, असा प्रश्न बैठकीत कोणीतरी विचारणारच. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या भूमीच्या इतिहासातच सापडते. १९७२ च्या सुमारास शहादा-तळोदा भागात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी जमिनीचा आणि मजुरीचा लढा उभा केला. ज्या जमिनी परत मिळवावयाच्या होत्या त्यांतील कित्येक बंदुकीच्या जोरावर गेलेल्या नव्हत्या. त्या कागदावर उठवलेल्या अंगठ्याने गेल्या होत्या. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला, त्याचे दावेही कागदावरच भरावे लागले. कागदाला न भिणारा माणूस घडावयाचा, तर कागदाशी त्याची पहिली ओळख धाक दाखवणारी असून चालणार नाही. सावकाराचा कागद, तलाठ्याचा कागद, परीक्षेचा कागद यांच्या आधी मुलाच्या हाती असा एखादा कागद पडावा की, ज्याच्यावर वाघ आहे, ससा आहे आणि ज्याच्या शेवटी सही करावी लागत नाही. भाकरीचा आणि पुस्तकाचा झगडा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी भाकरी कशी हिरावली गेली ते पाहावे.

राज्य शासन गेली काही वर्षे प्रत्येक जिल्ह्यात ग्रंथोत्सव भरवते. तो बहुधा दोन दिवसांचा असतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. ग्रंथदिंडी निघते, परिसंवाद होतात, पुस्तकांची दालने लागतात. हे सारे चांगलेच आहे. पण अक्राणी तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या मुलाने तळोद्यामार्गे सातपुडा उतरून नंदुरबारला यावे, दोन दिवसांत पुस्तके पाहावी आणि खिशात पैसे नसल्याने ती परत मांडणीवर ठेवून पुन्हा डोंगर चढावा, ही अपेक्षा कोणीही करत नाही. म्हणजे ज्याला पुस्तकाची सर्वांत अधिक गरज तोच त्या हिशेबात धरलेला नाही. नॅशनल बुक ट्रस्टच्या पुस्तकगाड्या देशभर हिंडतात. 'ग्रंथाली'ने ग्रंथयात्रा काढल्या. या प्रयत्नांनी वाचक घडवले हे मान्य केले पाहिजे. परंतु पुस्तकगाडी मुख्यतः विक्रीसाठी असते आणि गाडी निघून गेली की धूळ तेवढी मागे राहते. विकत घेऊ न शकणाऱ्या मुलाला ती दुकानाच्या काचेसारखीच.

याहून निराळा नमुना फार दूर शोधावा लागत नाही. नवापूरची हद्द ओलांडली की सोनगड आणि व्यारा लागतात. हा मुलूख पूर्वी बडोदे संस्थानात होता. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मुले शिकतात आणि वाचावयास काही नसल्याने पुन्हा निरक्षर होतात, ही अडचण लवकरच ध्यानात आली. तेव्हा १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेतून बोलावून घेतले आणि ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. त्या जाळ्यात फिरत्या ग्रंथपेट्या होत्या. मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तके घालून ती गावाकडे पाठवावयाची, गावातील जबाबदार माणसाने ती वाटावयाची, मुदत संपली की पेटी परत येऊन दुसरी जावयाची. गावाने काही रक्कम उभी केली तर पंचायतीने आणि सरकारने आपापली भर घालावयाची, असेही सूत्र होते. राजा होता म्हणून हे झाले, असे म्हणण्यात अर्थ नाही. राजे पुष्कळ होते. १९३१ मध्ये तिकडे तामिळ मुलखात मन्नारगुडीजवळ बैलगाडीतून फिरते ग्रंथालय निघाले, ते काही राजाने काढले नव्हते. आपल्याच काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाने २००९ पासून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांमध्ये फिरत्या ठेवल्या आहेत. पेटी टिकते याचा तो चालता पुरावा आहे.

म्हणून प्रस्तावित प्रदर्शनाने पेटीचे रूप घ्यावे आणि ते स्थानिक ग्रंथालयातच उतरावे. मंगल कार्यालयात नको, पक्षाच्या कार्यालयातही नको. कारण प्रदर्शन पाहून गेलेले मूल पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार. त्या वेळी दार उघडे असणारी गावातील एकच जागा म्हणजे ग्रंथालय. निदान तसे असावयास हवे.

ते तसे का नाही, हे पैशाच्या हिशेबात पाहावे लागते. मुंबई प्रांतात ग्रंथालयांचा विचार करण्यासाठी १९३९ मध्ये फैजी समिती नेमली गेली. प्रत्यक्ष कायदा झाला १९६७ मध्ये. मद्रासने आपला कायदा १९४८ मध्येच केला होता आणि त्यात ग्रंथालय कराची तरतूद होती. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यातही ती आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात असा कर नाही. येथील ग्रंथालये लोकांनी संस्था काढून चालवावी आणि शासनाने वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यावे, अशी पद्धत ठरली. पुणे, सातारा, ठाणे येथे जुन्या नगर वाचनालयांची परंपरा होती. त्यांना ही पद्धत मानवली. जेथे संस्था काढणारा मध्यमवर्गच नव्हता तेथे ग्रंथालयच उभे राहिले नाही, आणि ग्रंथालय नाही म्हणून अनुदानही नाही. त्यातच २०१२ च्या पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे बरीच वर्षे थांबले. त्यामुळे मागे राहिलेले आणखी मागे राहिले.

जी उभी राहिली त्यांची स्थिती काय? 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२ च्या दराने वर्षाला ३०,००० रुपये मिळत. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ जाहीर झाली. तिच्या हिशेबाने ते ४८,००० होतात. अनुदानातील निम्मी रक्कम सेवकाच्या वेतनाची. म्हणजे महिन्याला दोन हजार, दिवसाला सुमारे ६६ रुपये. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीचा दर महाराष्ट्रात २९७ रुपये होता. ग्रंथपालाचे काम अर्धवेळ धरले तरी माती उपसणाऱ्या मजुराच्या निम्मेही दाम त्याच्या पदरात पडत नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या योजनेने श्रमाला जी किमान प्रतिष्ठा दिली, ती याच राज्यात पुस्तक सांभाळणाऱ्या माणसाला अद्याप मिळालेली नाही. उरलेल्या निम्म्यात वर्तमानपत्रे, वीज, भाडे, बांधणी आणि मग पुस्तके. अनुदानाचा हप्ता बहुधा वर्षअखेरीस हाती पडतो आणि मार्च उलटण्यापूर्वी खर्च दाखवावयाचा असतो. मग विक्रेता सवलतीत जो गठ्ठा देईल तो घेतला जातो. त्या गठ्ठ्यात बालवाङ्मय असलेच तर अकबर-बिरबल आणि थोरांची चरित्रे यांची तीच ती पुस्तिका, नव्या मुखपृष्ठात. यात ग्रंथपालाचा दोष नाही. नवे पुस्तक पाहूनच न घेण्याची सक्ती त्याच्यावर व्यवस्थेने केलेली आहे.

फिरत्या प्रदर्शनाचा पहिला व्यावहारिक लाभ येथे आहे. ग्रंथपालाला आणि मुलांना पुस्तके प्रत्यक्ष पाहता येतील, आणि मुलांनी निवडलेली यादी मार्चपूर्वीच तयार असेल. निवड कशी करावी? सोपा मार्ग असा की, प्रत्येक पुस्तकापुढे एक वाटी ठेवावी आणि प्रत्येक मुलाला पाच चिंचोके द्यावेत. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही मत देता येते. प्रौढांनी चिंचोके टाकू नयेत. शिक्षकांनी तर मुळीच नाही. मुलांनी निवडलेले पुस्तक कदाचित वाङ्मयीन दृष्ट्या सामान्य निघेल. निघू द्यावे.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळू. प्रदर्शनात कोणत्या भाषेतील पुस्तके असतील? या जिल्ह्यातील मूल घरी भिली बोलते, पावरी बोलते, मावची बोलते. सपाटीवर अहिराणी आणि गुजरी बोलते. मराठी त्याला शाळेत भेटते. २०११ च्या जनगणनेत देशभरात भिली गटातील भाषा बोलणाऱ्यांची संख्या एक कोटीहून अधिक आहे. बोडो बोलणारे सुमारे पंधरा लाख. बोडोला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, संथालीलाही मिळाले, आणि ते योग्यच झाले. भिलीला मात्र मिळालेले नाही. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याचे पुरस्कार देते, ते तिने मान्य केलेल्या चोवीस भाषांना. भिली त्यांत नाही. पुरस्कार नाही म्हणून यादीत नाव नाही, यादीत नाव नाही म्हणून खरेदी नाही, खरेदी नाही म्हणून प्रकाशक नाही. या साखळीतील कोणत्याही एका माणसाने दुष्टपणा केलेला नसतो; तरीही मुलाच्या हाती त्याच्या भाषेतले पुस्तक येत नाही ते नाहीच.

मोलगी-धडगावच्या बाजारात आमचूर जातो. आदिवासी बाई आंबे उतरवते, सोलते, चिरते, वाळवते आणि व्यापारी सांगेल त्या भावाने विकते. शहरात त्याची भुकटी होते, पुडी होते, पुडीवर भाव छापला जातो. गोष्टींचेही तसेच झाले आहे. राजापांठाच्या कथा, पाऊस कसा आला आणि होळी का पेटवतात याच्या कथा येथील वृद्धांच्या तोंडून बाहेरच्यांनी टिपून नेल्या. त्यांची प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत पुस्तके झाली. कच्चा माल गेला; पक्का माल किंमत लावून परत आला, आणि तोही सांगणाऱ्या आजीच्या नातवाला परका वाटेल अशा भाषेत. अपवाद आहेत. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रातील जीवनशाळांनी १९९० नंतरच्या काळात पावरीत वाचनपुस्तिका तयार केल्या. घर बुडत असताना ज्यांनी भाषा लिहून काढली त्यांच्यापुढे साधनांची सबब सांगणे कठीण आहे. आज तर ते पुष्कळ सोपे आहे. 'प्रथम बुक्स'ने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या संचात हजारो सचित्र गोष्टी खुल्या परवान्यावर ठेवल्या आहेत. त्या कोणीही आपल्या भाषेत उतरवाव्या आणि छापाव्या. धडगावच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थी आणि पावरी बोलणारी एक आजी एवढे भांडवल त्याला पुरते. प्रदर्शनाच्या प्रत्येक मुक्कामी मुलांनी सांगितलेली एक गोष्ट त्यांच्याच भाषेत, देवनागरीत लिहून, त्यांच्याच चित्रांसह पेटीत घालावी आणि पुढच्या गावी न्यावी.

हे हातचे काम आहे म्हणून हिणवण्याचे कारण नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. मासिक नव्हे, दैनिक! छापखाना नाही, अनुदान नाही. पण सकाळी उठल्यावर मुलांना रोज नवे काही वाचावयास मिळे. पूर्व खानदेशातील त्या वसतिगृहाची आठवण आजच्या आश्रमशाळांपुढे उभे राहिले की होते. नंदुरबार आणि तळोदा या दोन आदिवासी विकास प्रकल्पांखाली जिल्ह्यात आश्रमशाळांचे जाळे आहे. तेथील मुले वर्षातील बहुतेक दिवस तेथेच राहतात; संध्याकाळ मोठी असते, घर दूर असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तके असली पाहिजेत असे सांगितले आहे. पुस्तके पुष्कळ ठिकाणी असतातही; परंतु कुलपात. कारण ती डेडस्टॉकच्या नोंदवहीत चढलेली असतात आणि हरवलेल्या प्रतीचे पैसे आपल्याकडून वसूल होतील ही मुख्याध्यापकाला धास्ती असते. पुस्तक फाटले म्हणजे ते वापरले गेले, हा साधा घसाऱ्याचा हिशेब आहे. यंत्राचा घसारा कारखानदाराला मिळतो. मुलाच्या हातून झिजलेल्या पुस्तकाचा घसारा शाळेला का मिळू नये? ठरावीक प्रमाणात प्रतींचे निर्लेखन चौकशीवाचून व्हावे, अशी मागणी पक्षाने लेखी करावयास हवी. या मागणीला एक पैसाही लागत नाही, म्हणून तरी ती मान्य व्हावी.

ज्याला पैसा लागतो त्याचे मार्गही आहेत. मद्रासप्रमाणे ग्रंथालय कर लावावा, असा ठराव करणे सोपे. पण अक्राणीच्या घरपट्टीवर कर लावून हाती काय येणार? गरीब तालुक्याने आपल्या गरिबीवर कर बसवून पुस्तके घ्यावी, ही समता नव्हे. कर राज्यभर गोळा व्हावा आणि वाटप गरजेप्रमाणे व्हावे, हे सूत्र मान्य असेल तरच ती मागणी करावी. तोवर आदिवासी उपयोजनेचा मार्ग खुला आहे. सुखठणकर समितीच्या शिफारशीनुसार १९९३-९४ पासून आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात हा निधी राखून ठेवण्याचे तत्त्व राज्याने स्वीकारले. २०१५ पासून त्यातील पाच टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचे ठरले, आणि तिचा विनियोग ग्रामसभेने ठरवावयाचा आहे. शिक्षण हा त्यात बसणारा विषय आहे. प्रदर्शन ज्या गावी जाईल तेथील ग्रामसभेत, मुलांनी चिंचोक्यांनी निवडलेली पुस्तके विकत घ्यावीत, असा ठराव कार्यकर्त्यांनी मांडावा. ठराव फेटाळला गेला तरी हरकत नाही. पुस्तकाची मागणी गावाच्या इतिवृत्तात एकदा लिहिली गेली की पुढच्या वर्षी तिच्यावर बोलता येते.

राहिला वेळापत्रकाचा प्रश्न, आणि तो क्षुल्लक नाही. दिवाळी झाली की डोंगरातील कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. मुले बरोबर जातात. होळीला, काठीच्या राजवाडी होळीच्या ओढीने, पुष्कळ जण परततात. डिसेंबरात सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा गर्दी मोठी असते आणि तेथे पेटी ठेवण्याचा मोह आयोजकांना होईल. सपाटीवरच्या मुलांसाठी ठेवावीही. पण डोंगरातील मुलांनी त्या वेळी बारडोलीच्या फडात पाचट गोळा करावयाचे आणि आपण शहाद्याजवळ छायाचित्रे काढून घ्यावयाची, असे होऊ नये. अक्राणी आणि अक्कलकुवा यांचे मुक्काम दिवाळीपूर्वीच उरकले पाहिजेत, आणि जाणाऱ्या कुटुंबाबरोबर चार-दोन पुस्तके फडावर जाऊ दिली पाहिजेत. ती परत येतीलच अशी हमी नाही. ग्रंथपालावर त्याची जबाबदारी टाकू नये. पेटीच्या खर्चातच ती धरावी.

दिवाळीपूर्वी जावयाचे म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी जावयाचे. चांदसैली घाटात दरड कोसळली की तळोदा-धडगाव रस्ता बंद होतो. तेव्हा पेट्या पत्र्याच्या हव्यात, आत मेणकापड हवे, आणि एका माणसाला डोक्यावर घेता येईल इतकेच वजन हवे. जीप जेथे थांबेल तेथून पुढे त्या माणसानेच न्यावयाच्या आहेत. मांडणीसाठी टेबले मागत बसू नये. खिडकीच्या गजांना सुतळी बांधून चिमट्यांनी पुस्तके लावावीत, सहा वर्षांच्या मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर. 'हात लावू नये' ही पाटी कोणी लावलीच, तर ती काढून टाकण्याचे काम त्या गावच्या कार्यकर्त्याचे. मुक्कामांची यादी आणि प्रत्येक ठिकाणी किल्ली कोणाकडे असते त्याचे नाव, एवढे जूनच्या आत जिल्हा कार्यालयात यावयास हवे.